सोडा तापवला की मागे काय उरतं? मोल समजून घेण्याचा एक रस्ता

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. ही पांढरी भुकटी तापवली की काही वायू निघून जातात आणि मागे पुन्हा पांढरीच भुकटी उरते. ती कशाची? पुस्तकात न बघता विचार केला, तर तीन उत्तरं सुचू शकतात:

सोडियम बायकार्बोनेट → सोडियम हायड्रॉक्साइड + कार्बन डायऑक्साइड

२ सोडियम बायकार्बोनेट → सोडियम ऑक्साइड + पाणी + २ कार्बन डायऑक्साइड

२ सोडियम बायकार्बोनेट → सोडियम कार्बोनेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड

अणू मोजून बघा. तिन्ही समीकरणं संतुलित आहेत, डावीकडे जितके अणू तितकेच उजवीकडे. पण प्रत्यक्षात घडतं त्यातलं एकच. समीकरण संतुलित झालं की ते बरोबर झालं, असं खूप विद्यार्थी धरून चालतात, आणि रसायनशास्त्राशी त्यांची फारकत तिथूनच सुरू होते. संतुलन एवढंच सांगतं की अणू हरवले नाहीत आणि नवे जन्मले नाहीत. खरोखर काय घडलं ते प्रयोगालाच विचारावं लागतं. या प्रयोगासाठी एक साधा वजनकाटा पुरतो, मात्र त्याची भाषा समजायला हवी. ती भाषा म्हणजे मोल.

काटा ग्रॅम दाखवतो, अभिक्रिया नग मोजते

अभिक्रियेत अणू आणि रेणू नगांच्या हिशेबाने एकत्र येतात: दोनाला एक, एकाला तीन, असे. पण ते इतके लहान असतात की एकेक करून मोजणं शक्य नाही. हजारो स्क्रू मोजायचे असतील तर कोणी एकेक उचलत बसत नाही. एका स्क्रूचं वजन माहीत असलं की सगळा ढीग तोलून भागाकार केला, झालं. मोल हीच युक्ती आहे.

१ मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात इतके नग. ही संख्या अशी निवडली आहे की मूलद्रव्याचं अणुवस्तुमान जितकं, जवळजवळ तितक्याच ग्रॅममध्ये त्याचे १ मोल अणू येतात. कार्बनचं अणुवस्तुमान १२, तर १२ ग्रॅम कार्बनमध्ये १ मोल अणू. सोडियमचं २३, तर २३ ग्रॅममध्ये १ मोल. पाण्याचं रेणुवस्तुमान १८, म्हणजे १८ ग्रॅम पाणी, साडेतीन-चार चहाचे चमचे असेल, त्यात १ मोल रेणू. पूर्वी या व्याख्येचा आधार कार्बन-१२ हा समस्थानिक (कार्बनच्या अणूचा एक प्रकार) होता. २० मे २०१९ पासून संख्याच पक्की ठरवली गेली: ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३वा घात, नेमकी एवढीच. शाळेतल्या गणितात यामुळे काहीही बदलत नाही.

या संख्येला इटालियन शास्त्रज्ञ ॲव्होगॅड्रोचं नाव आहे, पण त्याने ती मोजली नव्हती. समान तापमानाला आणि समान दाबाला वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, हा विचार त्याने १८११ मध्ये मांडला. संख्येला त्याचं नाव द्यावं असं फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ पेराँ याने १९०९ मध्ये सुचवलं. आणि ‘मोल’ हा शब्द रेणूसाठीच्या युरोपीय शब्दावरून आला आहे. मराठीतल्या किमतीच्या अर्थाच्या ‘मोल’शी त्याचं काही नातं नाही.

मोलचं सगळं गणित एका भागाकारावर उभं आहे:

मोल = पदार्थाचे ग्रॅम ÷ १ मोलचं वस्तुमान

सूत्र पाठ करणं सोपं. चुका होतात त्या १ मोलचं वस्तुमान काढताना, त्यामुळे तिथे थोडं थांबू.

पहिली चूक ‘कशाचा मोल?’ हे न विचारण्याची. ‘ऑक्सिजनचा १ मोल’ हे अर्धवट वाक्य आहे. ऑक्सिजनच्या अणूंचा १ मोल म्हणजे १६ ग्रॅम, तर रेणूंचा ३२ ग्रॅम, कारण एका रेणूत २ अणू असतात. हवेतला ऑक्सिजन रेणूंच्या रूपात असतो, म्हणून ज्वलनाच्या गणितात ३२ घ्यायचे. हायड्रोजन, नायट्रोजन आणि क्लोरीन यांचंही तसंच.

दुसरी चूक कंसाची. कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या सूत्रात ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी कंसात असते आणि कंसाबाहेर २. हा २ कंसातल्या दोघांनाही लागू होतो. म्हणून ४० + २ × (१६ + १) = ७४. तो फक्त हायड्रोजनला लावला तर ५८ येतात आणि पुढचं सगळं गणित फसतं.

तिसरी चूक स्फटिकजलाची. मोरचूद (कॉपर सल्फेटचे स्फटिक) निळं असतं ते त्यातल्या पाण्यामुळे. कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे ५ रेणू स्फटिकात बसलेले असतात. निर्जल कॉपर सल्फेटचा १ मोल १५९.५ ग्रॅम, तर निळ्या स्फटिकांचा १५९.५ + ५ × १८ = २४९.५ ग्रॅम. बाटलीवरचं सूत्र शेवटपर्यंत वाचा. मधल्या टिंबानंतर लिहिलेलं पाणीही तुम्ही तोलत असता.

मीठ किंवा सोडा यांच्या बाबतीत ‘रेणू’ हा शब्द काटेकोरपणे लागू पडत नाही, कारण ही आयनिक संयुगं आहेत आणि त्यांच्या स्फटिकात वेगळा असा रेणू दाखवता येत नाही. तिथे सूत्रात जेवढं लिहिलं आहे तेवढं एक एकक धरायचं. हिशेबाची रीत तीच राहते.

आता सोड्याकडे

सोडियम बायकार्बोनेटच्या एका एककात सोडियमचा १ अणू, हायड्रोजनचा १, कार्बनचा १ आणि ऑक्सिजनचे ३. म्हणजे २३ + १ + १२ + ४८ = ८४. समजा ४.२० ग्रॅम सोडा घेतला. ४.२० ÷ ८४ = ०.०५० मोल.

तिन्ही समीकरणांना एकच प्रश्न विचारायचा: एवढ्या सोड्यातून मागे किती ग्रॅम उरायला हवेत?

पहिल्यात एकाला एक, म्हणजे ०.०५० मोल सोडियम हायड्रॉक्साइड. त्याचा मोल ४० ग्रॅमचा, म्हणून २.०० ग्रॅम. दुसऱ्यात दोनाला एक, म्हणजे ०.०२५ मोल सोडियम ऑक्साइड. मोल ६२ ग्रॅमचा, म्हणून १.५५ ग्रॅम. तिसऱ्यात ०.०२५ मोल सोडियम कार्बोनेट. मोल १०६ ग्रॅमचा, म्हणून २.६५ ग्रॅम.

२.००, १.५५ आणि २.६५ हे आकडे एकमेकांपासून इतके दूर आहेत की ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा काटासुद्धा निकाल देऊ शकतो. शालेय प्रयोगांमध्ये हा प्रयोग मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. उत्तर पुस्तकातून आणावं लागत नाही, ते काट्यावर दिसतं.

साहित्य: चिनी मातीची मूस झाकणासह, तिवई, मूस ठेवायचा त्रिकोण, बर्नर, लांब चिमटा, काटा आणि डोळ्यांवर चष्मा. प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करा, कारण तापलेली मूस दिसायला थंड मुशीसारखीच असते.

आधी रिकामी मूस झाकणासह २-३ मिनिटं तापवा, थंड होऊ द्या आणि तोला. मुशीत शोषलेला ओलावा असतो. तो आधी घालवला नाही, तर सोड्याबरोबर उडून जातो आणि घट खोटी वाढते. मग साधारण ४ ग्रॅम सोडा घालून पुन्हा तोला. बरोबर ४.२० ग्रॅमच घ्यायची धडपड करू नका. ४.०७ आला तर ४.०७ लिहा. शेवटी उरलेलं वस्तुमान भागिले घेतलेलं वस्तुमान असं गुणोत्तर काढायचं आहे, आणि ते किती ग्रॅम घेतले यावर अवलंबून नसतं. हायड्रॉक्साइड उरत असेल तर गुणोत्तर ०.४७६ यायला हवं, ऑक्साइडला ०.३६९ आणि कार्बोनेटला ०.६३१.

झाकण किंचित तिरपं ठेवून पहिली ५ मिनिटं मंद आचेवर तापवा. या टप्प्यावर घाई करू नका. खालच्या थरातून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड एकदम निघाले तर भुकटी उकळल्यासारखी उडते आणि कण झाकणाबाहेर जातात. त्यानंतर १० मिनिटं मोठी आच. मूस पूर्ण थंड करा, तोला. पुन्हा ५ मिनिटं तापवा, थंड करा, तोला. लागोपाठची दोन वाचनं ०.०१ ग्रॅमच्या आत जुळेपर्यंत हे चालू ठेवायचं. एकदाच तोलून थांबलात तर अभिक्रिया संपली की नाही हे कळायला काही मार्गच राहत नाही.

समजा ३.८७ ग्रॅम सोड्यातून २.४६ ग्रॅम उरलं. गुणोत्तर ०.६३६. अपेक्षित ०.६३१ पेक्षा किंचित जास्त, पण बाकीच्या दोन आकड्यांच्या आसपासही नाही. म्हणजे उरलं ते सोडियम कार्बोनेट, धुण्याच्या सोड्यातलं मुख्य द्रव्य.

आकडा चुकला तर तो कोणत्या बाजूला चुकला ते पहा, कारण चुकीची दिशाच कारण सांगते. गुणोत्तर जास्त आलं, तर बहुधा तापवणं अपुरं राहिलं आहे. किंवा मूस दमट हवेत बराच वेळ उघडी राहिली आणि कार्बोनेटने हवेतला ओलावा ओढून घेतला. जुना, अर्धवट विघटित सोडाही आकडा वर नेतो, कारण त्यातला काही भाग आधीच कार्बोनेट झालेला असतो. गुणोत्तर कमी आलं, तर भुकटी उडाली, सोडा मुळात ओला होता किंवा मूस गरम असतानाच तोलली. गरम मुशीभोवतीची हवा तापून वर जाते, तो प्रवाह पारड्याला हलकासा उचलतो, आणि वाचन कमी दिसून सारखं हलत राहतं. काटा खराब होतो ते वेगळंच.

आणखी एक पडताळा करता येतो. उरलेली थोडी भुकटी पाण्यात विरघळवून फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचे (आम्लारी द्रावणात गुलाबी होणाऱ्या द्रव्याचे) २ थेंब टाका. गडद गुलाबी रंग येईल. मूळ सोड्याच्या द्रावणात तो अगदी फिका येतो किंवा येतच नाही. पण एवढ्यावर कार्बोनेट सिद्ध होत नाही, कारण हायड्रॉक्साइडही गडद गुलाबीच देतं. म्हणून दुसऱ्या परीक्षानळीत थोडी भुकटी घेऊन विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सोडा. बुडबुडे फसफसून आले तर कार्बोनेट. नुसतं हायड्रॉक्साइड असतं तर ते गुपचूप उदासीन झालं असतं. मात्र सोडा अर्धवट तापलेला असेल तर उरलेलं बायकार्बोनेटही फसफसतं, म्हणून ही चाचणी वजन स्थिर झाल्यावरच करायची.

मॅग्नेशियमचा प्रयोग का फसतो

हाच विचार घेऊन बरेच जण मॅग्नेशियमच्या फितीकडे जातात आणि आकडे जुळत नाहीत म्हणून हिरमुसतात. समीकरण सरळ आहे: २ मॅग्नेशियम + ऑक्सिजन → २ मॅग्नेशियम ऑक्साइड. ०.२४ ग्रॅम मॅग्नेशियम म्हणजे ०.०१ मोल, त्यातून ०.४० ग्रॅम ऑक्साइड मिळायला हवं. प्रत्यक्षात ०.३६ किंवा ०.३७ मिळतं.

पहिलं कारण धूर. हवा आत जावी म्हणून झाकण उचललं की पांढरा धूर बाहेर पडतो, आणि तो धूर म्हणजेच ऑक्साइड. झाकण जेमतेम फट पडेल इतकं, क्षणभरच उचलायचं. जळणाऱ्या फितीकडे थेट बघायचं नाही, तो प्रकाश डोळ्यांना इजा करतो.

दुसरं कारण जास्त रोचक आहे. मुशीत हवा कमी असते आणि तापलेलं मॅग्नेशियम हवेतल्या नायट्रोजनलाही पकडतं. त्यातून मॅग्नेशियम नायट्राइड तयार होतं. ०.२४ ग्रॅम मॅग्नेशियमचं पूर्ण नायट्राइड झालं असतं तर फक्त ०.३३ ग्रॅम भरलं असतं. म्हणजे थोडं नायट्राइड झालं तरी आकडा खाली येतो. उपाय असा: मूस पूर्ण थंड झाल्यावर ऊर्ध्वपातित पाण्याचे ८-१० थेंब टाका आणि पुन्हा आधी मंद, मग मोठ्या आचेवर तापवा. नायट्राइडचं हायड्रॉक्साइड होतं, अमोनिया निघून जातो (उग्र वास येतो), आणि हायड्रॉक्साइड तापून शेवटी ऑक्साइड उरतं.

फितीवर आधीच काळपट थर असेल तर तो ऑक्साइडचाच असतो. बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत केल्याशिवाय तोलू नका.

तिसरी अडचण गणिताची आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. मूस २५-३० ग्रॅमची, आणि आपल्याला हवी असलेली वाढ फक्त ०.१६ ग्रॅमची. दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून लहान आकडा काढताना काट्याची ०.०१ ग्रॅमची चूकही वाढीच्या ६ टक्क्यांहून जास्त ठरते. सोड्याच्या प्रयोगात घट दीड ग्रॅमच्या आसपास असते, तिथे तेवढीच चूक १ टक्क्याच्याही आत राहते. पहिला प्रयोग म्हणून सोडाच घ्या असं मी म्हणतो ते यासाठी.

आधी कोण संपतं?

लोहाचा चुरा आणि गंधक तापवून आयर्न सल्फाइड बनतं, एकाला एक. ५ ग्रॅम लोह आणि ५ ग्रॅम गंधक घेतलं तर १० ग्रॅम सल्फाइड मिळेल, असं पटकन वाटतं. मोल काढा. लोह ५ ÷ ५६ = ०.०८९, गंधक ५ ÷ ३२ = ०.१५६. लोह आधी संपतं. सल्फाइड ०.०८९३ × ८८ = ७.८६ ग्रॅम मिळतं आणि २.१४ ग्रॅम गंधक तसंच राहतं. तेच गंधक ज्योतीजवळ पेटून सल्फर डायऑक्साइडचा घशाला झोंबणारा वायू देतं. म्हणून हा प्रयोग ७ ग्रॅम लोहाला ४ ग्रॅम गंधक या प्रमाणात करतात. ७ आणि ४ म्हणजे ५६ आणि ३२ यांनाच ८ ने भागलेलं आहे.

नियम एवढाच: ग्रॅमची तुलना कधीही करायची नाही. दोन्हींचे मोल काढायचे, प्रत्येकाला समीकरणातल्या त्याच्या सहगुणकाने (सूत्राआधी लिहिलेल्या अंकाने) भागायचं, आणि ज्याचं उत्तर लहान तो आधी संपतो. सहगुणकाने भागायची पायरी लोह-गंधकात दिसत नाही, कारण दोन्ही सहगुणक १ आहेत. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी बनवायच्या गणितात ती वगळली की उत्तर चुकतं.

संतुलन करताना सहगुणक बदलायचा, सूत्रातला खालचा अंक नाही. पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली २ घातला की समीकरण झटक्यात जुळतं, पण आता उजवीकडे पाणी राहिलेलं नसतं, हायड्रोजन पेरॉक्साइड झालेलं असतं.

हा अंक किती नाजूक आहे ते इतिहासातही दिसतं. अणुसिद्धांत मांडणाऱ्या डाल्टनने पाण्यात हायड्रोजनचा १ आणि ऑक्सिजनचा १ अणू धरला होता. पाण्यात या दोघांच्या वस्तुमानांचं प्रमाण १ ला ८, त्यामुळे त्या सूत्रानुसार ऑक्सिजनचं अणुवस्तुमान ८ ठरतं. खरं सूत्र दोनाला एक असल्याने ते १६ आहे. वजनं ठीक मोजूनही सूत्र चुकलं तर अणुवस्तुमान निम्म्यावर येतं. हा घोळ अनेक दशकं चालला. १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, तिथे इटालियन रसायनशास्त्रज्ञ कॅनिझारोने ॲव्होगॅड्रोच्या विचाराच्या आधारे अणुवस्तुमानं ठरवण्याची रीत मांडली, आणि त्यानंतर तो हळूहळू सुटत गेला.

द्रावण आणि वायू

मोलरता म्हणजे १ लिटर द्रावणात किती मोल पदार्थ आहे ते. ०.१ मोलर मोरचुदाचं १०० मिलिलिटर (०.१ लिटर) द्रावण हवं असेल तर ०.१ × ०.१ = ०.०१ मोल, म्हणजे २.५० ग्रॅम निळे स्फटिक. ते चंचुपात्रात ५०-६० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात पूर्ण विरघळवा, मोजफ्लास्कमध्ये ओता, चंचुपात्र दोन-तीनदा थोड्या पाण्याने खंगाळून तेही फ्लास्कमध्येच घाला, मग खुणेपर्यंत पाणी भरा. शेवटचं पाणी ड्रॉपरने, डोळा खुणेच्या पातळीवर ठेवून, आणि पाण्याच्या वक्राचा तळ खुणेला टेकेपर्यंत. बूच लावून फ्लास्क अनेकदा उलटासुलटा करा, नाहीतर खाली दाट आणि वर पातळ द्रावण राहतं. थेट १०० मिलिलिटर पाणी मोजून त्यात स्फटिक टाकणं चूक आहे, कारण मोलरता संपूर्ण द्रावणाच्या आकारमानावर ठरते, ओतलेल्या पाण्यावर नाही.

वायूंसाठी २२.४ लिटर हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण तो ० अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर दाबाचा आहे. दाब १ बार धरला तर ० अंशालाच २२.७ लिटर होतात. २५ अंश आणि १ ॲटमॉस्फिअरला १ मोल वायू सुमारे २४.५ लिटर जागा घेतो. ४.२० ग्रॅम सोड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड ०.०२५ मोल, म्हणजे १.१० ग्रॅम. २५ अंशाला त्याचे सुमारे ०.६१ लिटर होतात. २२.४ वापरलं तर ०.५६ येईल, आणि चूक प्रयोगाची नसताना प्रयोगाला दोष दिला जाईल. हा वायू पाण्यावर गोळा केलात तर ०.६१ पेक्षाही कमी भरेल, कारण तो पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो. तो मोजायचा असेल तर वायू मोजण्याची सिरिंज वापरा, सोडा ०.५ ग्रॅमच घ्या म्हणजे वायू १०० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये मावेल, आणि नळी व सिरिंज खोलीच्या तापमानाला आल्यावरच वाचन घ्या.